परत आलेल्यांची सारणी

अमृत शिंगाडेच्या पीएचडीच्या प्रबंधाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. दोनशे चाळीस पानं, सगळी इंग्रजी आणि आकड्यांनी भरलेली. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण एकशे बाराव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळींची टीप आहे, ती मी शाळेतल्या मास्तरांकडून समजून घेतली. ‘त्रेचाळीस मुले मृत्यूच्या नोंदीत आढळली आणि नंतर शाळेच्या नोंदीतही आढळली. त्यांना स्वतंत्र व्यक्ती मानले आहे.’ बस्स, एवढंच. या दोन ओळींपायी गावात एक माणूस गेला असं लोक अजून म्हणतात. परीक्षकांनी त्या वाचल्या तरी असतील का, कोण जाणे.

मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका गावी ग्रामसेवक होतो. गावाचं नाव सांगणार नाही, कारण ती माणसं अजून मला लग्नाच्या पत्रिका धाडतात. महाळुंगे पडवळच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला कुठेतरी आहे असं समजा. तेवीस वर्षं मी लोकांचे जन्म-मृत्यू लिहिले. माणूस गेला की रकाना भरायचा, सही करायची, दाखला द्यायचा. ज्याच्या हातून हजारभर माणसं अशी गेली, त्याने भुताखेतांवर विश्वास ठेवला तर त्याला नोकरीच करता येणार नाही. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून मला कोणी बावळट म्हणू नये.

अमृत त्याच गावचा. बाप यमाजी, मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. अमृत शाळेत हुशार निघाला म्हणून आई रतनबाई त्याला घेऊन गावात राहिली. पोरगा संख्याशास्त्रात एमएस्सी झाला, जुन्नरच्या कॉलेजात लागला आणि तिथल्या बाजारपेठेत खोली घेऊन राहू लागला. यमाजी तोवर वारला होता. अमृतचं लग्न व्हायचं होतं, आणि तो म्हणायचा, आधी पीएचडी, मग बाशिंग. अठ्ठ्याण्णव साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तो एम-एटी गाडी फटफटवत माझ्या दारात आला.

“भाऊसाहेब, एकावन्न ते सत्तरपर्यंतची जन्ममृत्यूची पुस्तकं हवीत,” तो म्हणाला.

“दाखला कोणाचा पायजे?”

“सगळ्यांचाच.”

मग त्याने समजावलं. गावात जन्मलेलं एकेक पोर धरायचं. ते मृत्यूच्या पुस्तकात सापडतं का बघायचं, नाही सापडलं तर शाळेच्या जनरल रजिस्टरात शोधायचं. हजार जन्मले तर त्यातले किती वर्षाचे झाले, किती पाच वर्षांचे, किती तीस वर्षांचे, अशी एक सारणी तयार होते. तिला लाइफ टेबल म्हणतात. विमा कंपन्या असल्याच सारणीवरून हप्ता ठरवतात. पण त्यांची सारणी शहरातल्या माणसांची. आपल्या डोंगरातल्या माणसांची सारणी आजवर कोणी मांडलीच नाही, ती मी मांडणार, असं तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा चेहरा असा काही उजळला की मी किल्ली काढून दिली. त्याचं नावही मला तेव्हापासून आवडू लागलं, हे कबूल करतो.

कपाटातली धूळ झटकून तो रोज बसायचा. काळे पडलेले कागद, मोडीच्या वळणाचं बाळबोध अक्षर, कुठे शाईचे डाग. महिनाभराने एकदा त्याने मला हाक मारली.

“हे पाहा. सोपान धर्माजी, जन्म एकसष्ट. मृत्यू त्रेसष्ट, वय दीड वर्ष, ताप. आणि हे शाळेचं रजिस्टर. सोपान धर्माजी, जन्मतारीख तीच. पहिलीत नाव घातलं एकोणसत्तर साली.”

“मग? लिहिणाऱ्याची चूक. तलाठी-कोतवाल काय दारू पिऊन लिहीत असतील.”

“एक असता तर चूक. असे बेचाळीस आहेत.”

मी चष्मा लावून यादी पाहिली. आमच्याच गावातली नावं, वाडी-वस्तीवरची. त्यातले निम्मेअधिक मला रोज भेटायचे. पंचायतीचा शिपाई त्यात होता. एक तर माझ्या दारात दूध घालायचा. हे सगळे दोन वर्षांचे व्हायच्या आत मेले होते आणि नंतर शाळेत गेले होते. मी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

याचा उलगडा केला सावळेरामने. सावळेराम गावातला थकलेला म्हातारा, एके काळी लहान पोरांचे खड्डे काढायचा. आमच्याकडे लहान पोर गेलं तर जाळत नाहीत, ओढ्याकाठी पुरतात. आम्ही त्याला विचारलं तर तो सरळ म्हणाला, त्यात काय नवल.

“पोर गेलं की आई तव्याचं काळं घ्येती आन त्याच्या मानंवर बोट टेकवती. हितं, केसाखाली. मंग फुडलं पोर झालं आन त्याच्या मानंवर काळा डाग असला, म्हंजी त्योच परत आला. त्याला दुसरं नाव ठेवीत न्हाईत. पोर त्येच, मंग नाव दुसरं कशाला?”

“आणि शाळेत साल थोरल्याचं कसं लागतं?” अमृतने विचारलं.

“मास्तर इचारायचा, कवा झाला? आमी सांगायचो, तवाचंच. पोर त्येच हाय ना, साल बदलतं का?” म्हाताऱ्याने तंबाखू मळली. “पर येक. ज्यो परत आलाय, त्याला सांगायचं न्हाई. सांगितलं की त्याला वाट आठवती.”

“कसली वाट?”

“ज्या वाटंनं पयल्यांदा गेला ती.”

अमृत परत येताना गाडीवर हसत होता. त्याला मोठा खजिना गवसला होता. आजवर ज्यांनी अशा नोंदी जुळवल्या त्यांना या चुकीचा पत्ताच नव्हता, म्हणाला. मग त्याने आणखी एक गणित केलं. त्याच्याच सारणीप्रमाणे त्या बेचाळिसांपैकी अठ्ठ्याण्णव सालापर्यंत चार-एक जण तरी मरायला हवे होते. कुणी विहिरीत, कुणी तापाने. मेला एकही नव्हता. परत आलेले सगळेच्या सगळे जिवंत होते.

त्याच्या गाईड बाई पुण्याच्या विद्यापीठात होत्या. त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. लहानपणी जे दुसऱ्यांदा मेले ते शाळेपर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून तुझ्या यादीत नाहीत. आणि पुढच्या तीस वर्षांत एकही न मरणं शंभरात दोनदा होऊ शकतं, म्हणजे इथे झालं. मात्र या बेचाळीस नोंदी एकेका माणसाच्या की दोन-दोन माणसांच्या, हे घरोघर जाऊन ठरवून आण, त्याशिवाय मी प्रबंधावर सही करणार नाही. कारण त्यावर बालमृत्यूचा सगळा आकडा अवलंबून होता.

म्हणून आम्ही घरोघर हिंडू लागलो. मी बरोबर असलो की लोक बोलत, भाऊसाहेबाला नाही म्हणवत नाही. पहिलं घर सोपानच्या आईचं, कुशाबाईचं. अमृत पाया पडायला वाकला आणि म्हातारीचा आशीर्वादाचा हात अर्ध्यातच थांबला. ती त्याच्या मानेकडे बघत होती. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

“च्या घ्या आन जा,” ती म्हणाली. “मी काय बी सांगायची न्हाई. आन तू बाळा, हे काम सोड. तुला कुनी सांगितलं न्हाई का?”

“काय?”

“काय न्हाई. च्या घे.”

इथेच अमृतचं डोकं फिरलं. चार घरी हाच अनुभव आला. आया बोलत नाहीत, तर ज्याचं आहे त्यालाच सरळ विचारू, असं त्याने ठरवलं. मी म्हणालो, कशाला उगाच आ बैल मुझे मार. त्याने ऐकलं नाही. सोपान टोमॅटोच्या वाफ्यात पाणी धरत होता. अमृतने बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं, दोन्ही नोंदींसकट. सोपान मोठमोठ्याने हसला.

“म्हंजी मी मेल्याला हाय का राव? मंग माझी बायकू येवढी वर्सं भांडती कुनाशी?”

आम्हीही हसलो. पण निघताना मी मागे वळून पाहिलं, तर सोपान फावडं टेकून उभा होता आणि ओढ्याच्या बाजूला पाहत होता. पाणी वाफा फोडून बाहेर चाललं होतं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी तीन वाजता मोटार चालू करताना त्याला स्टार्टरचा शॉक लागला. जागच्या जागी गेला. आमच्या भागात दरसाल दोन-तीन माणसं अशीच जातात, पाय ओले असतात, अर्थिंग नसतं. त्यात अघटित काही नाही. पण नोंद मलाच करायची होती. सोपान धर्माजी. जन्मतारीख तीच. एकाच नावाचा मृत्यू मी त्या गावच्या दप्तरात दुसऱ्यांदा लिहिला, आणि माझं अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की ते पान मी पुढे कुणाला दाखवलं नाही.

आम्ही दोघं मयताला गेलो. कुशाबाई रडत नव्हती. भिंतीला टेकून बसली होती. अमृत समोर बसला तेव्हा ती त्याच्याशी अगदी सावकाश बोलली.

“मागल्या बारीला दीड वर्साचा व्हता. या बारीला चौतीस वर्सं राह्यला. लई राह्यला.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आता मी म्हातारी झाले. आता तो कुनाच्या पोटी येनार?”

अमृत तिथून उठून गेला. त्यानंतर त्याने कोणाच्या घरी जाणं बंद केलं. उरलेली पुस्तकं तेवढी तो चाळत राहिला.

आणि एके सकाळी रतनबाई माझ्या कचेरीत आली. अमृतची आई यापूर्वी कधी पंचायतीची पायरी चढली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उभ्यानेच म्हणाली, “भाऊसायेब, येक पुस्तक त्याला दावू नका.”

“कुठलं?”

“भूकंप झाला ना कोयनंचा, त्याच्या फुडल्या पावसाळ्याचं.”

कोयनेचा भूकंप सदुसष्टच्या डिसेंबरात झाला. म्हणजे अडुसष्टचं पुस्तक. मी तिला खाली बसायला सांगितलं. तिने सांगितलं ते तुम्ही ओळखलंच असेल. सहासष्ट साली झालेला तिचा अमृत दोन वर्षांचा होऊन अडुसष्टच्या पावसात गेला. तिने मानेवर बोट टेकवलं. पुढच्या वर्षी तो परत आला.

“सोपानला कळलं आन अकरा दिसांत गेला,” ती म्हणाली. “माझा बी जाईल. मला येकच हाय वो. दोनदा कसं पुरू मी त्याला?”

मी नास्तिक माणूस. पण आईच्या तोंडावर ‘हे थोतांड आहे’ म्हणायला माझी जीभ उचलेना. अडुसष्टचं पुस्तक मी घरी नेऊन गव्हाच्या कोठीमागे ठेवलं आणि अमृतला सांगितलं, वाळवीनं खाल्लं. थाप मारण्यात मी कच्चाच. त्याने आठ दिवस काही विचारलं नाही. नवव्या दिवशी समोर येऊन बसला.

“भाऊसाहेब, वाळवीनं सदुसष्ट सोडलं, एकोणसत्तर सोडलं, आणि मधलं तेवढंच खाल्लं का?”

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

“सहासष्टच्या जन्मात माझं नाव आहे,” तो म्हणाला. “एकोणसत्तरच्या जन्मात यमाजी शिंगाडेला मुलगा झाल्याची नोंद आहे, नावाचा रकाना कोरा. मला भाऊ नाही, भाऊसाहेब. बेचाळीस घरांच्या नोंदींत मी हेच बघितलंय, दुसऱ्या जन्माचा रकाना कोरा. आता अडुसष्टमध्ये काय असणार ते मला पुस्तक न बघता सांगता येतं. तरी बघायचंय.”

मी घरी जाऊन पुस्तक आणलं आणि टेबलावर उघडून ठेवलं. तो वाचायला वाकला आणि मला त्याची मान दिसली. केसांच्या खाली, मधोमध, बोटाच्या पेराएवढा काळा डाग. इतके दिवस तो माझ्यासमोर वाकून लिहीत होता आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं.

“अमृत यमाजी. वय दोन,” त्याने वाचलं. पुस्तक मिटलं. “त्रेचाळीस झाले.”

पुढचे अकरा दिवस तो जुन्नरला गेलाच नाही. कॉलेजात रजेचा अर्ज धाडला आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा माझ्या कचेरीत बसून राहिला. आईकडेही गेला नाही, तिच्या नजरेला नजर देणं जमणार नाही म्हणाला. रात्री माझ्याच ओटीवर झोपायचा. पंख्याचं बटण तो स्वतः दाबत नसे. गाडीला हात लावला नाही, विहिरीकडे फिरकला नाही. घास बारीक करून खायचा. एकदा मी चिडून म्हणालो, अरे तू शिकलेला ना, काय हा पोरखेळ!

“तीस वर्षांचा माणूस पुढच्या अकरा दिवसांत मरण्याची शक्यता काढलीय मी,” तो म्हणाला. “दहा हजारांत एकाहूनही कमी. मला आकडा पाठ आहे, भाऊसाहेब. तरी पंख्याचं बटण दाबवत नाही.”

दुपारी कचेरी शांत असली की तो एकदम मान वर करून ओढ्याच्या दिशेने कान द्यायचा. मी विचारायचो काय रे. तो म्हणायचा, काही नाही. पण त्याचं कान देणं पाहून मलाही काहीतरी ऐकू येतंय असं वाटायचं, लांबून कोणी चालत येतंय असं. मी उठून दार लावून घ्यायचो, भर दुपारी. अकराव्या दिवशी तीन वाजले तेव्हा आम्ही दोघं घड्याळाकडे बघत होतो. साडेतीन झाले. चार झाले. शिपायाने चहा आणला.

बाराव्या दिवशी सकाळी त्याने माझ्या आरशात दाढी केली. चेहऱ्यावर पुन्हा तजेला आला होता. “चला,” म्हणाला, “आईला सांगू. बिचारी धास्तीनं अर्धी झाली असेल. मी जिवंत आहे म्हटल्यावर तिची भीती तरी जाईल.” मलाही ते पटलं. दोन शहाणे मिळून इतके मूर्ख असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

रतनबाई अंगणात बाजरी पाखडत होती. अमृत तिच्यासमोर बसला आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“आई, मला कळलंय. मी पुस्तक बघितलं.”

तिचा चेहरा राखेसारखा झाला. “कवा?”

“बारा दिवस झालं. हे बघ, मी हाय. मला काय बी झालं न्हाई. कुठली वाट आठवली न्हाई, काय न्हाई. उगं भ्याली व्हतीस तू.”

मला वाटलं, ती त्याला छातीशी धरेल. तिने धरलं नाही. त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा चेहरा तिने कपाळापासून हनुवटीपर्यंत असा पाहिला, जसं परक्या पाहुण्याला पाहतात.

“कळलं तरी गेला न्हाईस?”

“न्हाई.”

“काय बी आठवलं न्हाई?”

“न्हाई गं आई.”

“येवढं बी न्हाई? मेंढरं बसली व्हती, पाऊस पडत व्हता, मी तुला घोंगडीत घेतलं व्हतं?”

अमृतने मान हलवली. त्याला अजून समजलं नव्हतं. मला मात्र तेवढ्यात उमजलं, आणि मी पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं. रतनबाई कधी शाळेत गेली नव्हती. तरी तिने हिशेब पायरी-पायरीने मांडला आणि तो बरोबर होता. परत आलेल्याला कळलं की तो जातो. याला कळलं आणि हा गेला नाही.

“म्हंजी तू तो न्हाईस,” ती म्हणाली.

अमृतने तिचे हात घट्ट धरले.

“तो आलाच न्हाई,” ती म्हणाली. “तीस वर्सं झाली. तो तिथंच हाय वढ्याकाठी. येकलाच. आन मी त्याच्यासाठी रडले बी न्हाई.”

तिने हात सोडवून घेतले. सूप बाजूला गेलं, बाजरी अंगणभर सांडली. आणि मग तिने हंबरडा फोडला. आमच्याकडे मयताला बाया नाव घेऊन रडतात, तसं ती नाव घेऊन रडू लागली. “अमृता, माझ्या लेकरा, मला सोडून कुठं रं गेलास अमृता!” तिचा लेक दोन हातांच्या अंतरावर बसून ते ऐकत होता. स्वतःच्या नावाचा आक्रोश जिवंतपणी ऐकणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, आणि देव करो, पुन्हा पाहायला न मिळो. मी देव मानत नाही, तरी म्हणतो.

आवाज ऐकून आळीतली माणसं धावत आली. अमृतचं नाव ऐकून काहीजणी दारापासूनच रडत आल्या. आत येऊन बघतात तर अमृत समोर बसलेला. बाया तोंडावर पदर धरून मागे सरल्या. कोणालाच कळेना रडावं की थांबावं. शेवटी शेजारचा चांगदेव पुढे आला, एकदा म्हातारीकडे आणि एकदा अमृतकडे बघून त्याने हळूच विचारलं, “कोन गेलं रं?”

अमृतने आईच्या पाठीवर हात ठेवला.

“माजा थोरला भाऊ,” तो म्हणाला. “दोन वर्साचा व्हता.”